काळा रंग का हरला? सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणीची कथा

१/
दुकानाच्या भिंतीवर दोन संच शेजारीशेजारी लावलेले. दोन्ही ४२ इंची, दोन्ही सपाट, दोन्हींवर 'एचडी'चा शिक्का. एकाचे चित्र झगझगीत, दुसऱ्याचे जरा मंद. २००५ ते २०१० या काळात जगभरातील बहुसंख्य गिऱ्हाइकांनी झगझगीत संच उचलला. रात्री घरातला दिवा मालवल्यावर मात्र चित्र अधिक खोल, अधिक खरे दिसे ते बहुधा त्या मंद संचाचेच. तो मंद संच म्हणजे प्लाझ्मा. झगझगीत तो एलसीडी. (थ्रेड)

२/
चांगले तंत्र हरले आणि स्वस्त तंत्र जिंकले, असे या लढतीविषयी सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्लाझ्माच्या पराभवाची काही कारणे त्याच्या वायूत होती, काही कारखान्यातल्या काचेत होती. आणि उरलेली सगळी, दोन संचांची तुलना कुठे उभे राहून आणि कोणत्या आकड्यांनी केली गेली, यात होती.

३/
१९६४ हे साल ध्यानात ठेवावे. त्या एका वर्षात तीन ठिकाणी, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या माणसांनी, पुढे एकाच भिंतीवर येऊन भेटणाऱ्या तीन गोष्टींना हात घातला. टोकियोचे ऑलिम्पिक पार पडल्यावर जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके अधिक तपशीलवार चित्राच्या संशोधनाकडे वळली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात पहिला प्लाझ्मा पटल उजळला. आणि न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे, आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत, जॉर्ज हाइलमायर यांनी विजेचा दाब देऊन द्रवस्फटिकांचा पारदर्शक थर दुधी करून दाखवला.

४/
आधी चित्राची गोष्ट. जुन्या प्रसारणात जपान व अमेरिकेत ५२५ आणि भारत व युरोपात ६२५ रेषांचे चित्र असे. जवळ बसले की रेषा सुट्या दिसत, म्हणून लांब बसावे लागे. लांब बसले की पडद्यापेक्षा भोवतालची भिंतच डोळ्यांत अधिक भरे. एनएचकेतील तकाशी फुजिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. आपण प्रसंगाच्या आत आहोत असे माणसाला वाटायचे, तर पडद्याने नजरेचा किती भाग व्यापायला हवा?

५/
प्रयोगांअंती उत्तर आले: प्रेक्षकाने पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे. त्या अंतरावरून रेषा सुट्या दिसू नयेत, तर त्यांची संख्या हजाराच्या वर हवी. यातून ११२५ रेषांचे 'हाय-व्हिजन' जन्मले. पडदाही रुंदावला: आधीच्या ४:३ वरून ५:३, आणि पुढे १६:९. आज ज्याला एचडी म्हणतात त्याच्या मुळाशी हे बसण्याच्या अंतराचे गणित आहे. दुकानांत नेमका त्याचाच विसर पडला. ते पुढे येईलच.

६/
हे गणित घरात आणून पाहिले की पेच कळतो. सोफा आणि पडदा यांत तीन मीटर अंतर असेल, तर पडद्याची उंची एक मीटर हवी. म्हणजे कर्णात मोजला तर सुमारे ८० इंची संच. पिक्चर ट्यूबमध्ये हे अशक्यच. ट्यूब म्हणजे निर्वात काचेचे पात्र. पडदा जितका मोठा, तितके ते खोल आणि हवेचा दाब सोसण्यासाठी त्याची काच तितकी जाड. सोनीचा ३४ इंची एचडी ट्यूब संच सुमारे ९० किलो वजनाचा होता. तो जिना चढवून नेणे हे हमालीचे काम, चैनीचे नव्हे. एचडीला सपाट पडदा हवा होता तो दिसायला देखणा म्हणून नाही. त्यावाचून त्याचे प्रयोजनच पुरे होत नव्हते म्हणून.

७/
गंमत अशी की प्लाझ्मा पटल ज्यांनी घडवला, त्यांच्या डोक्यात दूरचित्रवाणी नव्हतीच. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवण्याची योजना उभारत होते. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे पडदा हवा. पण ट्यूबवरचे चित्र क्षणाक्षणाला पुन्हा काढावे लागते, त्यासाठी ते कुठेतरी साठवावे लागते, आणि संगणकाची स्मृती त्या काळी सोन्याच्या भावाची. बिट्झर, जीन स्लॉटो आणि विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी मग पडद्यालाच स्मृती दिली.

८/
दोन काचांमध्ये वायूने भरलेले बारीक कप्पे. विजेचा झटका दिला की कप्प्यातला वायू आयनीभूत होऊन उजळतो, आणि कमी दाबाचा प्रवाह चालू ठेवला तर उजळलेलाच राहतो. पटलाला आपले चित्र आपणच आठवते. १९७० च्या दशकात प्लेटोचे विद्यार्थी अशाच ५१२ × ५१२ ठिपक्यांच्या नारिंगी पडद्यांसमोर बसून शिकत होते. नारिंगी, कारण निऑन वायूचा रंगच तो.

९/
रंगीत चित्रासाठी वायूचा स्वतःचा प्रकाश निरुपयोगी होता. मग वायूचे मिश्रण बदलून त्यातून अतिनील किरण काढायचे आणि ते कप्प्याच्या आतल्या लाल, हिरव्या, निळ्या लेपांवर पाडायचे, अशी युक्ती निघाली. म्हणजे प्रत्येक ठिपका हा एक इवलासा ट्यूबलाइट. पूर्ण एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकात तीन कप्पे. साठ लाखांहून अधिक दिवे, आणि प्रत्येक दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करण्याची व्यवस्था.

१०/
दुसऱ्या स्पर्धकाचा वंश अधिक जुना. १८८८ साली प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की कोलेस्टेरॉलपासून काढलेला एक पदार्थ दोनदा वितळतो: १४५.५ अंशांवर त्याचा गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांवर तो नितळ होतो. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखी शिस्त पाळतात. सुमारे पाऊण शतक हे द्रवस्फटिक प्रयोगशाळेतले कौतुक होऊन राहिले.

११/
आरसीएने १९६८ मध्ये पत्रकार परिषद घेऊन द्रवस्फटिकांचा पडदा जगाला दाखवला. भिंतीवर तसबिरीसारखा टांगता येईल असा संच, हे त्या कंपनीचे जुने स्वप्न. पण तिचा पैसा ट्यूबमध्ये गुंतलेला होता, आणि स्वतःच्याच दुभत्या गायीला मारक ठरेल असे तंत्र वाढवण्याची हौस तिथे कुणाला फारशी नव्हती. काम रेंगाळले. इकडे जपानमध्ये शार्प कंपनीच्या तोमिओ वादा या अभियंत्याने आरसीएवरचा एनएचकेचा माहितीपट पाहिला आणि ताडले की हा पडदा दूरचित्रवाणीला मंद असेल, पण गणकयंत्राला पुष्कळ आहे. १९७३ साली शार्पचे द्रवस्फटिक-पडद्याचे खिशातले गणकयंत्र बाजारात आले.

१२/
इथे या कथेतली सर्वांत निर्णायक आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट घडली. द्रवस्फटिकांना एक शिडी मिळाली. गणकयंत्र, मनगटी घड्याळ, खिशातला छोटा दूरचित्रवाणी संच, लॅपटॉप, संगणकाचा मॉनिटर: प्रत्येक पायरीवर गिऱ्हाईक होते आणि प्रत्येक पायरीच्या कमाईने पुढच्या पायरीचा कारखाना उभा राहिला. १९८८ मध्ये शार्पने १४ इंची रंगीत पटल दाखवला. प्लाझ्माचे कप्पे एका मर्यादेपलीकडे बारीक करणे जड जात असे, त्यामुळे त्याला खिसा नव्हता, मनगट नव्हते, मांडी नव्हती. त्याला थेट ४० इंचांवर उडी घ्यायची होती.

१३/
ती उडी ज्यांच्या चिकाटीने शक्य झाली त्यांत लॅरी वेबर हे नाव आवर्जून घ्यावे असे. ते इलिनॉयच्याच परंपरेतले. आयबीएमने १९८० च्या दशकात प्लाझ्मा पटलांचा उद्योग आवरता घेतला, तेव्हा वेबर आणि सहकाऱ्यांनी तिथली यंत्रे घेऊन 'प्लाझ्माको' ही लहानशी कंपनी काढली. ओढगस्तीत वर्षे काढून त्यांनी रंगीत पटल सिद्ध केला, आणि १९९६ मध्ये मात्सुशिताने, म्हणजे पॅनासॉनिकने, ती कंपनीच विकत घेतली. दुसऱ्या बाजूला फुजित्सूने ४२ इंची रंगीत पटल बाजारायोग्य केला होता.

१४/
१९९७ साली अमेरिकेत फिलिप्सचा ४२ इंची प्लाझ्मा संच विक्रीला आला. किंमत १४,९९९ डॉलर. त्या वेळच्या दराने पाच लाख रुपयांहून अधिक. आणि एवढे मोजून मिळणारे चित्र ८५२ × ४८० ठिपक्यांचे. म्हणजे तो एचडी नव्हताच! भिंतीवर टांगता येणे याच एका गुणाचे ते मोल होते.

१५/
आता 'एचडी' या शब्दाची फोड. अमेरिकेने जपानची अॅनालॉग वाट सोडून डिजिटल प्रसारण पत्करले आणि १९९६ मध्ये मानक ठरवले. त्यात एचडीचे दोन मुख्य प्रकार: १०८० रेषांचे चित्र आलटूनपालटून अर्ध्या-अर्ध्या रेषांनी, किंवा ७२० रेषांचे चित्र दर वेळी पूर्ण. सीबीएस व एनबीसीने पहिला प्रकार निवडला, एबीसी व फॉक्सने दुसरा. वेगवान खेळांना ७२० चा पूर्ण चौकटीचा प्रकार अधिक मानवतो, असा त्यामागचा एक युक्तिवाद.

१६/
युरोपात २००५ साली 'एचडी रेडी' हे बोधचिन्ह आले: पडद्यावर किमान ७२० रेषा हव्यात. उभ्या ठिपक्यांची अट घातली, आडव्यांची नाही. त्यामुळे १०२४ × ७६८ ठिपक्यांचे ४२ इंची प्लाझ्मा संचही त्यात बसले. रुंद पडद्यावर १०२४ ठिपके पुरवायचे म्हणून प्रत्येक ठिपका चौरस न ठेवता आडवा ताणलेला असे. ही पळवाट खरीच. पण म्हणून चित्र वाईट होते काय?

१७/
पुन्हा अंतराचे गणित मांडू. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका कोन वेगळा ओळखतो. ४२ इंची पडद्याची उंची सुमारे ५२ सेंटिमीटर. त्यात ७६८ रेषा असतील, तर २.३ मीटरच्या पलीकडून त्या सुट्या ओळखता येत नाहीत. ३२ इंची पडद्यावर ७२० रेषांसाठी हे अंतर १.९ मीटर आणि १०८० रेषांसाठी १.३ मीटरच्या आत. तीन मीटरवर बसलेल्या कुटुंबाला या संचांतला रेषांचा फरक दिसणे शक्य नव्हते. दुकानात मात्र गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभे असे, आणि कागदावर १०८० हा आकडा ७६८ पेक्षा मोठा होता. फुजिओंच्या संशोधनाचा सारा गाभा विक्रीच्या पत्रकातून असा गळून पडला.

१८/
मग काळा रंग. प्लाझ्माचा ठिपका स्वतः उजळतो. त्याला उजळू दिले नाही की तिथे जवळपास अंधार. एलसीडीचा ठिपका उजळत नाही. तो मागे अखंड जळणाऱ्या दिव्यापुढचे दार आहे. दार लावले तरी फटीतून उजेड झिरपतो, म्हणून एलसीडीचा काळा मुळात करडा. रात्रीचा प्रसंग, काळी शाल, सावलीतला चेहरा यांतले बारकावे त्या करडेपणात बुडून जात. पायोनियरने २००७ मध्ये आपल्या प्लाझ्मा संचांना 'कुरो' हे नाव दिले. जपानी भाषेत त्याचा अर्थच काळा. पारखी मंडळी या संचांचे दाखले पुढे कित्येक वर्षे देत राहिली.

१९/
परंतु काळा रंग दिसायला भोवती अंधार लागतो. दुकानात छतभर दिवे. तो उजेड प्लाझ्माच्या काचेवरून परावर्तित होऊन त्याचा काळा धुऊन काढी. एलसीडी संच मात्र अधिक उजळ करता येत, शिवाय दुकानात ते डोळे दिपवणाऱ्या 'व्हिव्हिड' अवस्थेतच चालू ठेवलेले. एकाचा उत्तम गुण तिथे दिसू शकत नव्हता आणि दुसऱ्याचा दोष तिथे झाकला जात होता. सराफाने हिरा अंधारात आणि काच उन्हात ठेवावी, तशी ही परीक्षा.

२०/
कॉन्ट्रास्टच्या आकड्यांनी तर ताळतंत्रच सोडले. सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचे गुणोत्तर, एवढीच मूळ व्याख्या. ते एकाच चित्रात मोजायचे की दोन वेगळ्या चित्रांत, यावर विक्रेत्यांमध्ये एकवाक्यता नव्हती. मग पूर्ण काळ्या चित्राच्या वेळी एलसीडीचा मागचा दिवाच मंद करायचा आणि त्याला 'डायनॅमिक' कॉन्ट्रास्ट म्हणायचे, अशी टूम निघाली. आकडे दहा हजारांवरून दहा लाखांवर गेले. काळा रंग फारसा बदलला नाही. त्याचे मोजमाप बदलले.

२१/
हलत्या चित्रातही प्लाझ्मा सरस. द्रवस्फटिकांच्या रेणूंना वळायला वेळ लागतो. शिवाय एलसीडी प्रत्येक चौकट पुढची येईपर्यंत धरून ठेवतो आणि चेंडूचा पाठलाग करणाऱ्या डोळ्याला ती पुसट भासते. यावर तोडगा म्हणून संचाने दोन चौकटींच्या मधली चौकट स्वतः कल्पून भरायची, असे १०० व १२० हर्ट्झचे संच आले. क्रिकेटला ते बरे. चित्रपट मात्र त्यामुळे स्टुडिओतल्या मालिकेसारखे गुळगुळीत दिसू लागले. ही सोय बंद कशी करायची हे अनेक घरांत कुणाला ठाऊकच नसे. बाजूने पाहिल्यास रंग फिके पडण्याचा एलसीडीचा दोष मात्र पटलांच्या नव्या घडणीमुळे पुष्कळ कमी झाला.

२२/
प्लाझ्माच्या पदरी खरे दोषही होते, ते झाकण्यात अर्थ नाही. वाहिनीचे बोधचिन्ह किंवा धावफलकाची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली की तिचा ठसा पडद्यावर उमटे. नंतरच्या संचांत हा धोका बराच घटला, पण बदनामी घटली नाही. ५० इंची संच ३०० वॅटच्या आसपास वीज ओढी आणि खोली तापवी. कॅलिफोर्निया राज्याने २००९ मध्ये दूरचित्रवाणी संचांच्या वीजवापरावर मर्यादा मंजूर केल्या, २०११ पासून त्या लागू झाल्या. त्यांची झळ प्लाझ्माला अधिक बसणार होती. आणखी एक विचित्र दोष म्हणजे डोंगराळ गावांत, विरळ हवेत, आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक वाढून काही संच गुणगुणू लागत. उत्पादकांना किती उंचीपर्यंत संच वापरावा हे पुस्तिकेत छापावे लागे!

२३/
आता काच. एलसीडी पटल एकेक करून बनत नाहीत. मोठ्या काचेवर सारे संस्कार करून मग तिचे तुकडे पाडतात, पोळपाटाएवढ्या पोळीतून शंकरपाळे कापावेत तसे. पोळी जितकी मोठी, तितका तुकडा स्वस्त. शार्पचे अध्यक्ष कात्सुहिको माचिदा यांनी १९९८ मध्येच जाहीर केले होते की २००५ पर्यंत कंपनी जपानमध्ये विकत असलेले सर्व ट्यूब संच एलसीडी होतील. २००४ साली शार्पचा कामेयामा येथील कारखाना सुरू झाला आणि 'कामेयामा' हे गावाचे नावच दर्जाचा शिक्का म्हणून मिरवू लागले.

२४/
त्याच वर्षी सॅमसंग आणि सोनी यांनी भागीदारीत कंपनी काढली. ट्रिनिट्रॉन ट्यूबच्या यशात रमलेली सोनी सपाट पडद्याला उशिरा जागी झाली होती. तिला प्रतिस्पर्ध्याच्या दारी जावे लागले. त्यांची काच १८७० × २२०० मिलिमीटरची. तिच्यातून ४० इंची आठ पटल निघत. चाळीस इंच ही आजवर प्लाझ्माची हद्द मानली जाई. शिडी चढत आलेला एलसीडी आता त्या मजल्यावर पोचला होता. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात एलसीडी संचांनी ट्यूब संचांना मागे टाकले. २०१० च्या सुमारास, प्लाझ्माचा खप आपल्या शिखरावर असतानाही, एलसीडी संच त्याच्या सुमारे दसपट खपत होते.

२५/
हा विजय सगळाच निर्मळ नव्हता. एलसीडी पटलांच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल २००८ मध्ये अमेरिकेत एलजी, शार्प आणि तैवानची चुंगहवा या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला. एकूण दंड ५८.५ कोटी डॉलर. २०१० मध्ये युरोपीय आयोगाने सहा कंपन्यांना मिळून सुमारे ६४.८ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

२६/
शब्दांची चलाखी २००९ मध्ये कळसाला पोचली. एलसीडीच्या मागच्या नळीदिव्यांऐवजी पांढरे एलईडी बसवले आणि संचाचे नाव झाले 'एलईडी टीव्ही'. पांढऱ्या एलईडीमागचा निळा एलईडी ही खरोखर मोठी कामगिरी. त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. संच पातळ झाले, वीज कमी लागू लागली. पण पडदा एलसीडीचाच होता. ब्रिटनमधील जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने यावर आक्षेप घेतला, तरी नाव रुळायचे ते रुळलेच. 'एलसीडी नको, एलईडी द्या' असे आजही दुकानात ऐकू येते.

२७/
या धामधुमीत ट्यूबवर भरवसा ठेवणारे कुणी उरले होते काय? होते, आणि त्यांतले एक घर महाराष्ट्रातले. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा उद्योग घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीन येथील कारखाने एका मराठवाड्यातल्या कंपनीच्या ताब्यात आले. होरा असा की श्रीमंत देश सपाट पडद्याकडे वळले, तरी भारत-चीनसारख्या देशांत ट्यूबला आणखी बरीच वर्षे मागणी राहील.

२८/
तो होरा त्या दिवशी वेडगळ नव्हता. भारतात सपाट संच तेव्हा श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात दिसे. चुकला तो वेग. पोळी मोठी होत गेली, तशी ट्यूब आणि एलसीडी यांच्या किमतींतली दरी अंदाजापेक्षा फार लवकर बुजली. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यामागे दूरसंचार आणि तेलक्षेत्रातली प्रचंड कर्जे होती, सारा दोष ट्यूबच्या माथी मारणे योग्य नाही. तरी ज्या वर्षी हे कारखाने घेतले गेले, नेमके त्याच वर्षापर्यंत ट्यूब संपवण्याची घोषणा माचिदांनी सात वर्षे आधी केलेली होती.

२९/
भारतात एचडी प्रसारणाला खरी सुरुवात २०१० मध्ये झाली. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दूरदर्शनने एचडी वाहिनी काढली. तोवर विमानाने बँकॉक, सिंगापूर, दुबईहून सपाट संच आणण्याची रीत रूढ झाली होती. पुढे रुपया घसरू लागला, तेव्हा केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून प्रवाशांच्या सामानातल्या सपाट संचांची शुल्कमाफी काढून ३६.०५ टक्के शुल्क लावले. परकीय चलनाच्या चिंतेत दूरचित्रवाणी संचाचे नाव यावे, इतकी ही वस्तू घराघरांत शिरली होती.

३०/
प्लाझ्माचा शेवट झपाट्याने झाला. पायोनियरने २००९ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीच्या धंद्यातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. सर्वांत गडद काळा रंग बनवणारी कंपनीच गेली. पॅनासॉनिकने २०१० मध्ये १५२ इंची, पूर्ण एचडीच्या चौपट ठिपक्यांचा प्लाझ्मा दाखवून जगाला चकित केले. पण तेवढे ठिपके ५० इंचांत बसवणे परवडणारे नव्हते, आणि पुढचे युग त्याच ठिपक्यांचे होते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅनासॉनिकने प्लाझ्मा थांबवण्याची घोषणा केली. २०१४ संपेपर्यंत सॅमसंग आणि एलजीही थांबल्या.

३१/
जिंकलेल्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. शार्पने २००९ मध्ये साकाई येथे त्याहून मोठ्या काचेचा कारखाना उघडला. जागतिक मंदी, महागडा येन आणि कोरिया, तैवान व पुढे चीनमधून आलेला पटलांचा पूर यांत तो सापडला. मार्च २०१३ ला संपलेल्या वर्षात शार्पचा तोटा सुमारे ५४५ अब्ज येन. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा सुमारे ७५४ अब्ज येन. एलसीडीचा पुरस्कर्ता आणि प्लाझ्माचा पुरस्कर्ता एकाच खड्ड्यात पडले होते. २०१६ मध्ये शार्पची मालकी तैवानच्या फॉक्सकॉनकडे गेली.

३२/
काळा रंग मात्र परतला. २०१३ मध्ये एलजीने ५५ इंची ओएलईडी संच विक्रीस आणला. त्यातही प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. मागे दिवा नाही, म्हणून फटही नाही. एकाच जागी राहिलेल्या चिन्हाचा ठसा उमटण्याची भीतीही त्याच्यासोबत परत आली. पण या वेळी गणित निराळे होते. दुकाने काळ्या रंगाची महती सांगण्यासाठी वेगळ्या अंधाऱ्या खोल्या करू लागली, आणि या तंत्राला खिसाही मिळाला होता: त्याची लहान भावंडे मोबाइलच्या पडद्यावर आधीच कमाई करत होती.

३३/
शार्पच्या साकाई कारखान्यातले दूरचित्रवाणी-पटलांचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले, आणि ती जागा डेटा सेंटरसाठी देण्याचे ठरले. डोनाल्ड बिट्झर त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या ९० व्या वर्षी निवर्तले. प्लाझ्मा पटलासाठी २००२ मध्ये त्यांना, स्लॉटो आणि विल्सन यांच्यासह, दूरचित्रवाणीतला तंत्रज्ञानाचा एमी पुरस्कार मिळाला होता. विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकवता यावे म्हणून केलेल्या कामासाठी.